लाली बाकीच्या कोंबड्यांना टोचून रक्त काढतेय, तिची चोच कापू का?

म्हसरूळच्या ताई, तुमचं पत्र वाचलं आणि बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुम्हालाच उत्तर लिहायला घेतलं, कारण कोंबडीला रक्त आलेलं असताना चार दिवस थांबून बघू असं करून चालत नाही.

बाकी वाचकांसाठी ताईंची अडचण थोडक्यात सांगते. घरामागे त्यांच्या नऊ कोंबड्या आहेत, आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) आणि कावेरी या जातींच्या, दीड-दोन वर्षांच्या. मागच्या बुधवारी नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून त्यांनी तीन गावठी तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणल्या आणि त्याच संध्याकाळी जुन्यांच्या खुराड्यात सोडल्या. तेव्हापासून लाली नावाची थोराड कोंबडी नव्या तिघींच्या हात धुवून मागे लागलीये, तिचं बघून आणखी दोघी टोचायला लागल्यात, आणि एका तलंगीच्या शेपटीखाली रुपयाएवढी जखम झालीये. खुराडं चार बाय चार फुटाचं, वर पत्रा, अंड्यांसाठी एकच क्रेट. शेजाऱ्यांच्या मेथी-कोथिंबिरीत घुसतात म्हणून दिवसभर कोंडलेल्या, संध्याकाळी तासभर मोकळ्या. खायला मका, भाकरीचे तुकडे, उरलेला भात. मुंगसाच्या भीतीने रात्रभर एलईडी चालू. कोंबडा नाही. सासूबाई म्हणतात लालीची चोच ब्लेडने कापा, दीर म्हणतात रस्सा करा, आणि लेक लालीला कोणाला हात लावू देत नाही.

ताई, पहिलं काम आत्ता करा, पुढचं नंतर वाचा. ज्या तलंगीला रक्त येतंय तिला बाहेर काढा. डालगं असेल तर डालग्याखाली ठेवा, नाहीतर मोठं खोकं घ्या, द्राक्षाचं क्रेट उलटं घातलं तरी चालेल, खाली तूस किंवा कोरडा भुसा, आत पाणी आणि खाद्य, जागा सावलीची. कोंबड्यांना रंग फार चांगले दिसतात आणि लाल रंगावर त्यांची चोच आपोआप जाते, त्यामुळे एकदा का रक्त दिसलं की लाली राहिली बाजूला, तुमची सगळ्यात गरीब कोंबडीसुद्धा येऊन टोचा मारून जाते आणि मग त्यांना त्याची चटक लागते. एका रात्रीत धडधाकट कोंबडी आतडी ओढून मारून टाकलेली लोकांनी पाहिलीये, म्हणून एवढ्या घाईने सांगतेय.

जखम धुवायला पाणी उकळून कोमट करा, त्यात चिमूटभर मीठ, मऊ कापडाने हळूहळू घाण काढा. आजूबाजूची पिसं रक्ताने चिकटलेली असतील तर ओढू नका, कात्रीने कापा. मग बीटाडीनसारखं औषध पाण्यात घालून, पाणी फिकट तपकिरी होईल इतपतच, त्याने पुसून घ्या. वरून हळद आणि खोबरेल चालेल, किंवा जनावरांच्या मेडिकलमध्ये माशी बसू न देणारा जखमेचा स्प्रे मिळतो तो मारा, फक्त डोळ्याजवळ नको. फिनाईल, रॉकेल असलं काही लावू नका, आजही कितीतरी घरांत लावतात आणि जखमेपेक्षा त्यानेच जास्त हाल होतात. आणि जखम पूर्ण भरून वर पिसांचे कोंब येईपर्यंत तिला परत आत सोडायचं नाही, नुसती खपली धरली म्हणून सोडली तर पहिल्या तासात ती खपली उचकटली जाते.

आता चोचीचं. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की ब्लेड लावायचं नाही. चोच म्हणजे नख नाही, आतून तिला रक्त आहे, नसा आहेत, मोठ्या कोंबडीची चोच कापली तर ती वेदनेने खायचं सोडते. पोल्ट्री फार्मवाले करतात ते पिल्लू अगदी लहान असताना, तापलेल्या पात्याच्या मशीनवर, आणि तिथेसुद्धा त्यावर वाद आहेच. घरी फार तर काय करता येईल तर वरच्या चोचीचं अगदी टोक, जे उजेडात धरलं की आरपार दिसतं, तेवढंच नखाच्या कानशीने घासून बोथट करायचं. पण त्याने मूळ दुखणं जाणार नाही.

मूळ दुखणं कुठे आहे ते जखमेच्या जागेवरून कळतं, आणि तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे, की जखम शेपटीखाली आहे. कोंबड्यांमध्ये बळी तो कान पिळी असतंच. कोणी आधी खायचं, कोणी वरच्या बांबूवर बसायचं, कोणी कोणाला टोचायचं याची त्यांच्यात उतरंड असते, नॉर्वेच्या थोर्लीफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी कोंबड्यांवरच अभ्यास करून १९२१ साली ती मांडली होती. पण या उतरंडीचा टोचा बसतो डोक्यावर, तुऱ्यावर, मानेवर. एक फटका, समोरची खाली वाकते, बाजूला होते, विषय संपला. नवीन कोंबडी आली की असं आठवडाभर चालतं आणि आपण त्यात पडायचं नाही. पाठीवरची, शेपटीच्या बुडाची पिसं उपटून उपटून खाणं आणि मागच्या बाजूला टोचून रक्त काढणं, हे वेगळं. हे जागा कमी, खाण्यात खोट, उजेड जास्त, अंगावर किडे किंवा दिवसभर काही उद्योग नाही, यातल्या कशातून तरी येतं, आणि बऱ्याचदा सगळंच एकदम असतं. (कोंबडा असता तर अजून एक शक्यता होती, तो वर चढताना मादीच्या पाठीची आणि मानेची पिसं झिजतात आणि लोक त्याला टोचणं समजतात. तुमच्याकडे नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला. आणि भांडणं सोडवायला म्हणून मुद्दाम कोंबडा आणू नका, पहाटे चारला शेजारी दारात येतील.)

म्हणून मी म्हणते की लालीला गुन्हेगार ठरवून मोकळं होऊ नका, तिला कापलीत तरी आठ दिवसांत दुसरी लाली तयार होईल, कारण खुराडं तेच राहणार.

जागेचा हिशोब करा. चार बाय चार म्हणजे १६ चौरस फूट, त्यात १२ कोंबड्या, म्हणजे एकीला सव्वा फूट. नुसतं रात्री झोपायला ते कसंबसं चाललं असतं, पण दिवसभर कोंडायचं असेल तर एकीला निदान ४ चौरस फूट तरी हवेत, आणि बाहेरचं जाळीचं आवार असेल तर तिथे प्रत्येकी ८-१० फूट. भरलेल्या एसटीत सीटवरून जशी भांडणं होतात तसं तुमच्या खुराड्यात रोज सकाळपासून चाललंय, फक्त इथे खाली उतरायला स्टॉप नाही. मार खाणारीला पळायला जागाच नसेल तर एक टोचा खाऊन विषय संपत नाही, ती कोपऱ्यात डोकं खुपसून बसते, आणि मागची बाजू सगळ्यांसमोर येते, जखम नेमकी तिथे का झाली हे यावरून लक्षात येईल. खुराड्याला लागून दहा बाय बारा फुटाचं जाळीचं आवार करा, बांबू आणि वेल्डमेश जाळी, वरून हिरवी शेडनेट. द्राक्षबागा आणि नर्सऱ्यांमुळे आपल्याकडे शेतीच्या कुठल्याही दुकानात शेडनेट मापून कापून देतात. खर्च होईल, पण शेजाऱ्यांची कोथिंबीरही वाचेल. आवारात आडोसे ठेवा, एखादा ओंडका, उभी फळी, जुनी पाटी, म्हणजे मार खाणारीला लालीच्या नजरेआड जाता येईल. खाद्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी हवीत, आणि एका भांड्याजवळून दुसरं दिसणार नाही अशी. एकच भांडं असलं की लाली त्याच्यावर राखण करत बसते आणि नव्या तिघी उपाशी राहतात, हे बहुतेक तुम्ही बघितलंही असेल. आत बसायला आडवे बांबू, प्रत्येकीला ८ इंच धरले तर बाराजणींना ८ फूट, म्हणजे दोन बांबू, दोन्ही एकाच उंचीवर लावा, नाहीतर वरच्या बांबूवरून रोज रात्री महाभारत.

आता खाणं. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण नाशकात घरोघरी कोंबड्या ज्या पद्धतीने पाळतात त्यात सगळ्यात मोठी खोट इथेच असते. मक्यात प्रोटीन असतं ८-९ टक्के. भाकरी-भातातही तेवढंच, भातात तर त्याहून कमी. अंड्यावरच्या कोंबडीला लागतं १६ ते १८ टक्के. त्यातही मेथिओनिन म्हणून एक घटक असतो, पिसं बनायला तो लागतोच लागतो, आणि मक्यात तो फारच थोडा. पिसात भरपूर प्रोटीन असतं, त्यामुळे ज्या कोंबडीला खाण्यातून ते मिळत नाही तिची चोच दुसरीच्या पिसांकडे वळते, विशेषतः शेपटीच्या बुडाशी, जिथे तेलाची ग्रंथी असते. लाली उपटलेलं पीस टाकून देते की गिळते ते बघा. गिळत असेल तर ही भूकच आहे, मस्ती नाही.

तेव्हा सरळ लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, आणा. गोळ्यांपेक्षा मॅश चांगलं, कारण ते भुकटीसारखं असतं, टिपून खायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ चोच कामात राहते. एका कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम, म्हणजे बाराजणींना सव्वा ते दीड किलो. नव्या तलंगा अजून अंड्यावर आल्या नसतील तर त्यांना लेयरमधलं एवढं कॅल्शियम नको, त्या वेगळ्या आहेत तोवर त्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं खाद्य, द्या. मका बंद करा असं नाही म्हणत, संध्याकाळी मूठ-दोन मुठी टाका, पण मुख्य जेवण ते नको. पूर्ण मॅश परवडत नसेल तर मक्याच्या भरड्यात सोयाबीन पेंड मिसळून घ्या, त्यात ४४-४५ टक्के प्रोटीन असतं, शिवाय शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. शेंगदाणा पेंड स्वस्त पडते पण तिला बुरशी लवकर लागते आणि ती बुरशी कोंबडीचं लिव्हर खराब करते, वास आला तर टाकून द्या. सुकट किंवा जवळा असेल तर उत्तम, फक्त पाण्यात भिजवून खारटपणा काढून थोडासाच. मीठ कमी पडलं तरी कोंबड्या टोचतात हे खरं, पण म्हणून कोणाचं ऐकून पाण्यात मीठ कालवू नका, जास्त मिठाने त्या मरतात. तयार मॅशमध्ये ते मापात असतं.

रात्रभरचा एलईडी आजच बंद करा. कोंबडीला अंधार लागतो, तिला झोप मिळाली नाही की ती चिडचिडी होते, आणि लख्ख पांढऱ्या उजेडात समोरचीचं लाल झालेलं अंग तिला रात्रभर दिसत राहतं. मुंगसासाठी लाइट हा उपायच नाही, त्यासाठी बारीक जाळी, दाराला कडी, आणि जाळी जमिनीत फूटभर गाडलेली, म्हणजे ते खालून उकरून येत नाही.

अंड्यांचं एकच क्रेट आहे म्हणालात, १२ कोंबड्यांना तीन हवीत. आणि ती अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून पुढे गोणपाटाचा पडदा लावा. अंडं घालताना मागचा भाग थोडा वेळ बाहेर येतो, ओला आणि लालभडक असतो, आणि उजेडात बाकीच्यांच्या समोर घातलं की टोचा तिथेच बसतो. एखादी खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायला बसून, क्रेट अडवून ठेवत असेल तर तिलाही उठवून वेगळी करा.

किडे बघितलेत का, ते पत्रात नाही. एकेक कोंबडी काखेत धरा, डोकं मागे आणि शेपूट पुढे, आणि मागच्या भागातल्या पिसांवर जोरात फुंकर मारा. पिसं फाकली की कातडीजवळ पिवळसर बारीक किडे पळताना दिसले तर त्या उवा, आणि पिसाच्या देठाला साबुदाण्याच्या खिरीसारखा पांढरा चिकट गुच्छ दिसला तर त्या लिखा. दुसरी तपासणी रात्री करायची. अंधार पडल्यावर दोन तासांनी टॉर्च घेऊन जा आणि बांबूच्या खालच्या बाजूने, फळ्यांच्या फटीतून पांढरा कागद किंवा कापड घासून बघा. लाल डाग उमटला तर रक्त पिणारे किडे आहेत. गोचीडही अशीच दिवसा फटीत लपते आणि रात्री बाहेर येते, म्हणून दिवसा कोंबडी तपासून काही सापडत नाही आणि आपण म्हणतो आमच्याकडे नाहीत. असं काही निघालं तर फटी बुजवा, सगळीकडे चुना मारा, आणि औषध मात्र डॉक्टरांना विचारून, किती दिवस अंडी खायची नाहीत तेही त्यांनाच विचारा. आवारात एका टोपलीत किंवा खड्ड्यात कोरडी माती आणि चुलीची चाळलेली राख ठेवा, त्यात लोळून त्या स्वतःचं स्वतः बरंच निस्तरतात.

उद्योगासाठी काय करायचं, तर कोबीचा गड्डा सुतळीला बांधून त्यांच्या डोक्याच्या थोडा वर लटकवा. उडी मारून टोचायला लागतं, गड्डा फिरतो, दुपार निघून जाते. संध्याकाळी बाजार उठताना बाहेरची कोबीची, मेथीची पानं फुकट मिळतात, शेवग्याचा पाला, लसूणघास, काहीही बांधा. फक्त एक, कांदाचाळीतला सडका कांदा टाकू नका. आपल्या जिल्ह्यात तो पाटीने पडलेला असतो आणि लोक सर्रास टाकतात, पण जास्त कांद्याने कोंबडीच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि ती फिकी पडत जाते.

हे दिवस उन्हाचे आहेत, पत्र्यावर ओलं गोणपाट टाका, पाणी दुपारी बदला. तापलेल्या पत्र्याखाली माणूससुद्धा भांडतं.

आता लाली. बाकीचं सगळं बदलल्यावर, आधी नाही, तिला तीन-चार दिवस बाहेर काढा. बऱ्याच जणांना वाटतं मार खाणारीलाच बाजूला ठेवावं, आणि जखम असेल तर ठेवावंच लागतं, पण जखम नसलेल्या भांडणात काढायचं ते मारणारीला. तिला अशा जागी ठेवा की बाकीच्या तिला दिसणार नाहीत, खाणंपिणं व्यवस्थित द्या, शिक्षा म्हणून उपाशी ठेवायचं नाही. ती नसताना मागे उतरंड नव्याने बसते, आणि चौथ्या दिवशी अंधार पडल्यावर तिला हळूच बांबूवर नेऊन बसवलं की सकाळी ती या घरात नवीन असते. तिच्या बरोबरीने टोचणाऱ्या त्या दोघींकडेही लक्ष द्या. सकाळी खाद्य टाकल्यावर वीसेक मिनिटं बाजूला स्टूल टाकून नुसतं बघत बसा, मुलीलाही बसवा, कोण सुरुवात करतं ते तिलाच आधी कळेल.

नव्या दोघी, ज्यांना जखम नाही, त्यांनाही आत्ता बाहेर काढा. खरं तर बाजारातून आणलेला पक्षी तीन-चार आठवडे वेगळा ठेवायचा असतो, मुख्य म्हणजे रानीखेत या रोगाच्या भीतीने. हिरवी पातळ विष्ठा, मान वाकडी होणं, पंख टाकून बसणं यातलं काही दिसलं तर लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. रानीखेतची लस झालेली नसेल तर तीही विचारा, कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची असते, गल्लीत आणखी कोणाकडे कोंबड्या असतील तर एकत्र करून घ्या. मग जुन्या आणि नव्यांमध्ये फक्त जाळी ठेवून दहा-बारा दिवस शेजारी शेजारी राहू द्या, एकमेकींना बघतील, जाळीच्या दोन्ही बाजूंनी खातील. आणि जखमवाली बरी झाली की तिघींना एकदम सोडा. एकटी सोडली की सगळ्या जणी तिच्यावर तुटून पडतात, तिघी असल्या की मार वाटला जातो.

एवढं सगळं करूनही महिन्याभराने लाली परत रक्त काढत असेल, दोनदा वेगळं ठेवूनही, तर मग ताई, तिला ठेवू नका. काही कोंबड्यांना ती चटक लागते ती लागतेच, आणि एका लालीच्या प्रेमापोटी बाकीच्या अकरा जणींनी भीतीत जगावं हे मला पटत नाही. मळ्यात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या असलेलं कोणी गिरणारे-दिंडोरीकडे ओळखीचं असेल तर तिथे द्या, मोकळ्या रानात अशा कोंबड्या पुष्कळदा सुधारतात. दिरांच्या रश्श्यालाही माझी हरकत नाही, कोंबड्या पाळणाऱ्या घरात ते असतंच, पण मुलीला न सांगता करू नका. तिला आधीपासून सांगून ठेवा की आपण लालीसाठी काय काय करतोय आणि नाही जमलं तर काय होईल.

जखमवालीला दिवसातून दोनदा उचलून बघत जा, या दिवसांत माशी बसायला वेळ लागत नाही. जखमेत पांढरं काही वळवळताना दिसलं, आतला भाग बाहेर लोंबत असेल किंवा तिने खाणं सोडलं तर घरचे उपाय बंद, खोक्यात घालून दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत डॉक्टरांकडे न्या, आणि लाली किती दिवसांपासून टोचतेय, खायला काय देत होतात, हे सगळं त्यांना सांगा.